घरी सराव घ्यावा

लोणकर बाईंनी वहीत लाल पेनाने लिहिलं,
'अंक उलटे लिहिते. घरी सराव घ्यावा.'

घर म्हणजे धनकवडीत, शेवटच्या स्टॉपच्या अलीकडे
दहा बाय बाराची खोली,
आणि खोलीच्या तोंडाशी, पत्र्याखाली, इस्त्रीचं टेबल.
टेबलावर घोंगडी, घोंगडीवर चादर,
आणि दोन्हीच्या खाली तनिष्काची वही,
म्हणजे दुमडलेली पानं सरळ होतात.

म्हटलं, पंचवीस लिही.
तिने लिहिलं ५२.

ओरडणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं.
मीही दुसरीत हा आकडा अस्साच लिहिला होता
आणि गुरुजींनी पट्टी उभी धरून पेरांवर मारली होती.
थंडीत पेरं अजून त्यांचं नाव काढतात.
म्हणून आधी इस्त्री बाजूला उभी केली,
मग विचारलं, असं का लिहिलंस गं?

"पप्पा, आधी पाच ऐकू येतं ना.
पंच. मग वीस."

पंच. मग वीस.
खरंच की.
इतकी वर्षं लोकांची बिलं केली,
हा आकडा जिभेवर हजारदा आला,
कानाला कधी विचारलंच नाही.
पोरीचा कान बरोबर होता,
हात बिचारा कानाचं ऐकत होता.

मग साळुंख्यांचं बोचकं सोडलं.
दहा कपड्यांची एक चळत, दहाची दुसरी,
उरले दोन रुमाल, एक अभ्रा, शाळेची टाय
आणि एक बनियन, भोकाचं. तेही इस्त्रीला!
ती हसत सुटली. हसू दिलं.
चळती किती? दोन.
सुटे किती? पाच.
चळत थोरली, तिला पुढे बसव. सुटे मागच्या सीटवर.
तिने पत्र्यावर खडूने लिहिलं २५,
दोनचं शेपूट जरा जास्तच लांब.
हुशार आहेस, असं नाही म्हणालो.
म्हणालो, मोजलंस ना, म्हणून जमलं.

एकोणतीसवर मात्र ती चिडली.
"तीस म्हणतात आणि तीस कुठेच नाही!
ही लबाडी आहे."
मी म्हटलं, दीक्षित आजी कशा दर वेळी सांगतात,
तीस दिले होते, एक रुमाल कमी आला?
तोच हा आकडा.
त्यावर ती बराच वेळ विचार करत राहिली.
मग म्हणाली, "रुमाल सापडला का?"

आता बोचक्यांवरच्या चिठ्ठ्या ती लिहिते.
'बी विंग, चवथा मजला, अकरा नग.'
चवथा तसाच राहू दिला,
बोचकं बरोबर दारी पोचलं.

परवा जोडाक्षरांचा धडा झाला.
स्वतःच्या नावातला ष्क तिला पहिलीपासून येतो,
पण इस्त्री म्हणजे तीन अक्षरं
एकाच शर्टात घुसलेली: स, त आणि र.
वहीत पाच वेळा लिहून मान वर केली,
आमच्या बोर्डाकडे बघितलं, पुन्हा वहीकडे.
"पप्पा, बोर्डात त नाहीये."

बारा वर्षं.
'इस्री करून मिळेल.'
पेंटर खाऊन गेला एक अक्षर,
आणि एकाही गिऱ्हाइकाने, प्रोफेसर धरून,
मला सांगितलं नाही.
मलाही दिसलं नाही. मला कोण शिकवणार होतं?

दाराला लावलेला लाल रंग तळाशी होता थोडा.
स्टूल धरून उभा राहिलो.
मध्ये जागा नव्हती, तर तिने वर त काढला
आणि खाली उलटी छोटी छत्री,
राहिलेलं अक्षर बाई वहीत घालतात तश्शी.
रंगाचा एक ओघळ माझ्या कपाळावर आला.

काल पंचवीस पुन्हा ५२ झाले.
काही बोललो नाही, बोचकं पुढे सरकवलं.
तिने चळती मोजल्या, खोडलं, लिहिलं.

बाईंच्या लाल ओळीखाली
मी इस्त्रीच्या हिशोबाच्या पेनाने लिहिलं,
'सराव चालू आहे. दोघांचा.'
सही करण्याआधी
तिच्याकडून तपासून घेतलं.