मागच्या दारानं

वरच्या खोलीतल्या भाडेकरू बाई विचारत होत्या,
"काका, बेळगावात चांगलं खायला कुठं जाऊ?"
त्यांच्या फोनवर सगळ्या हॉटेलांना तारे दिलेले.
मला तारे कळत नाहीत.
एकतीस वर्षं सिलिंडर पोचवले मी,
हॉटेलं मला मागच्या दारानं माहीत:
गटार, उष्ट्याची बादली, कांदे सोलणारं पोर,
आणि मग जाळाचा रंग.
जाळ निळा असला आणि आचारी गप्प,
तर खुशाल जेवा.

लिहून घ्या की.

गणपत गल्लीच्या मागं, बोळ जिथं
दोन माणसांना एकदम पुरत नाही,
तिथं सकाळी सातला भज्यांची कढई चढते.
मिरची लांबडी, पोटात ओवा आणि मीठ.
कागदावर घ्या, ताटलीत नको.
परश्या पैसे मराठीत मोजतो,
पोराला शिव्या कन्नडात घालतो,
आणि तेल तापलं का ते विचारायला
त्याला कुठलीच भाषा लागत नाही,
पिठाचा एक थेंब सोडतो.
दुकानावरची पाटी चारदा बदलली,
अक्षरं वरची खाली गेली, खालची वर.
मिरची तीच.

बाकळेंची सावजी खानावळ फाटकापलीकडं.
रस्सा काळपट, पहिल्या घासाला कानशिलं तापतात.
तिथं मीसुद्धा पाणी मागतो.
रविवारी जाऊ नका.
म्हातारा लेकीकडं संकेश्वरला जातो,
रस्सा पातळ होतो.

मांड्यांचं विचारलंत.
तुमच्या परभणीकडं मांडे मनात खातात म्हणे.
इथं दोन दिवस आधी सांगावं लागतं.
शहापुरात, विणकरांच्या आळीत,
घागर पालथी, खाली लाकडं,
इंदूताई मळेकर पोळी कोपरापर्यंत झुलवत नेते,
इतकी पातळ की पलीकडचा जाळ दिसावा.
तिथं गॅस नाही. माझं कामच नाही.
नुसतं उभं राहून बघितलेलं
बेळगावातलं ते एकच स्वयंपाकघर.

कुंदा सगळीकडं मिळतो, स्टँडवर डब्यातसुद्धा.
तुम्ही छोगमलकडं जा, रात्री साडेनवानंतर.
एकदा त्याचा फोन आला, अकरा वाजून गेलेले,
चाळीस लिटर दूध अर्धं आटलेलं
आणि गॅस संपला.
दूध थांबत नाही, बाई, माणसं थांबतात.
गोडाऊनला कुलूप. मग घरचाच सिलिंडर काढला,
मोटरसायकलला बांधला.
आमच्याकडं भात अर्धा कच्चा राहिला.
पहाटे छोगमलनं कढईची खरवड दिली,
केळीच्या पानात, जळकट गोड, दातांना धरणारी.
बायको बोलत नव्हती.
खाल्ली मात्र सगळी.
ती विकायला नसते. माझं नाव सांगा, सिद्राय,
कंग्राळीचा.

आता शेवटचं.
मार्केट यार्डाच्या गेटाजवळ इराव्वा.
ज्वारीची भाकरी, भरलं वांगं तेलात डुंबलेलं,
शेंगाचटणी, लोण्याचा गोळा.
तिच्याकडं माल टाकला की
भाकरीचा चतकोर हातावर पडायचा,
एका पायावर खायचा,
बाहेर गाडी हॉर्न मारत असायची.

मार्चमध्ये काम सोडलं.
त्या दिवशी पहिल्यांदा पुढच्या दारानं गेलो.
खांद्यावर काही नव्हतं,
हात कुठं ठेवायचे कळेना.
पोरगं नवीन, म्हणालं, किती जण?
एकच की.
पाण्याचा पेला आला. पंखा लावला त्यानं.
आत भाकरी थापल्याचा आवाज चालू होता,
मधेच थांबला.
इराव्वानं दारातून मान काढली,
पिठाचा हात तसाच, बघत राहिली.
"कूडरी, सिद्राय," म्हणाली. बसा.
मी बसलेलोच होतो.

अख्खी भाकरी होती. वांगी तीन. वर ताक.
चव?
खरं सांगू काय, चतकोराला होती तेवढी नव्हती.

तुम्ही पुढच्या दारानंच जावा.
तुम्हाला चालंल.