कलम त्रेसष्ट, उपकलम ड

फाइल सापडली कपाटाच्या तळाशी,
वर कॉफीच्या कपाचं वर्तुळ, पंचवीस वर्षांचं.
बाहेर आर्ड्रोकिटच्या धक्क्यावर
दोन माणसं दोर गुंडाळत होती, आणि पाऊस
येऊ की नको, या विचारात.

शाळा टेकडीवर उभी आहे.
मुलांना वाटतं ती गावाची.
होईल गावाची, अजून पाच वर्षांनी.
तोवर ती एका कंपनीची, ती कंपनी दुसरीची,
आणि दुसरीचा पत्ता एका उन्हाळी बेटावर,
जिथे मी कधी गेलो नाही
आणि बहुधा ती कंपनीही गेली नसावी.

कोट अडकवायला भिंतीत एक खुंटी हवी
तर अर्ज, अर्जाला शुल्क,
आणि शुल्क किती ते ठरवण्याचं वेगळं शुल्क.
मुख्याध्यापिका अर्कहार्टबाई कोट खुर्चीवर टाकतात,
खुर्चीही करारातलीच.
आवळा देऊन कोहळा नेला
आणि आम्ही आवळ्याची पोच दिली, सहीशिक्क्यानिशी.

सही एल्स्पेथ किनाएर्डची.

त्याआधी ती कौन्सिलसाठी घ्यायची
कोळसा, कचऱ्याच्या गाड्या,
हिवाळ्यात रस्त्यावर टाकायचं खडेमीठ.
मीठ ओलं असेल तर तिला मुठीत कळायचं
आणि पाण्याच्या वजनाचे पैसे ती देत नसे.
पण तीस वर्षं काही मुठीत धरता येत नाहीत.

टेबलापलीकडे नऊजण,
त्यातल्या तिघांचं काम नुसतं व्याजदराकडे बघणं.
अलीकडे ती,
फ्लूने बेजार खजिनदार फर्गस टलक,
आणि ताशी दराचा एक सल्लागार,
जो पुढच्या वर्षी पलीकडे जाऊन बसला.
शिकायला पाठवलं होतं तिला, नाही असं नाही:
ग्लासगोत दोन दिवस, दुपारच्या सूपसकट.

समासात तिची पेन्सिल अजून फिकी झालेली नाही.
‘जोखीम हस्तांतरित’ याखाली: कोणाच्या गळ्यात?
‘वाजवी झीज’ याखाली: वाजवी कोण म्हणणार?
पान दोनशे बारा: हे मला समजत नाही.
उद्या विचारणे.
आणि त्याखाली, दुसऱ्या दिवशीची तारीख घालून:
विचारलं. त्यांनाही समजत नाही.

बाकी सगळा करार एका वळणाचा, इस्त्री केलेला.
फक्त त्रेसष्ट-ड वेगळ्या टाइपात,
रात्री उशिरा कोणीतरी घुसवल्यासारखं:
शेवटच्या पाच वर्षांच्या आरंभी छप्पर तपासावं,
तपासणारा कौन्सिलने निवडावा,
गळेल त्याचा खर्च त्यांनी द्यावा.
मात्र नोटीस महिनाअखेरीच्या आत.

आज सव्वीस तारीख.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं.
सांगणारे सातजण कपातीत गेले,
एकेकाला निरोपाला केक कापला,
आणि त्यांच्या डोक्यातलं
विचारून घ्यायचं राहिलं.
आता माझ्या टेबलामागे पोस्टर आहे,
क्षमतावृद्धी, हसरे चेहरे, जिन्यासारखे बाण.
मी चार वेळा उपकलम वाचलं, मग मोठ्याने,
मग नोटीस लिहिली आधी पेन्सिलीने,
शुक्रवारी पाठवली, पोच मागितली.

रविवारी गेलो तिला भेटायला.
वृद्धाश्रमाच्या काचखोलीत ती
टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होती.
म्हटलं, छप्पर; म्हटलं, त्रेसष्ट-ड;
म्हटलं, तुमच्या एका ओळीने
कदाचित सगळा पश्चिमेकडचा पत्रा वाचेल.
तिने सुतळीची गाठ दाताने आवळली.
आठवत नाही, म्हणाली. बहुतेक
मीठवाल्यांना जे लिहायचे तेच लिहिलं असेल.

मग बराच वेळ काही नाही.
मी उठलो तेव्हा म्हणाली,
त्या दिवशी बिस्किटं त्यांनी आणली होती.
चांदीच्या कागदातली. मी घेतलं नाही एकही.

फर्गसने चार खाल्ली.