हातचा

तिसरीत ती पहिल्या बाकावर बसायची,
नागमणी नरसय्या चिट्याल.
घरी तेलुगू, वर्गात मराठी,
बोटांवर दोन्हींच्या मधलं काहीतरी.
सत्तावीस अधिक पंधरा मांडताना
हातचा एक ती खरंच मुठीत धरायची,
दशकाच्या घरात पोचेपर्यंत उघडायची नाही.
"बाई, पडला तर?"
सगळा वर्ग बाकांखाली शोधायला वाकायचा,
मीसुद्धा.

साखर पेठेतली शाळा, वर पत्रे,
भिंतीपलीकडे मागांचा खडखडाट.
पाढे आम्ही त्याच ठेक्यावर म्हणायचो.
लाइट गेली की माग थांबायचे
आणि एकोणीस सत्ते एकदम उघडे पडायचे,
अर्धा वर्ग चुकलेला,
मग जे हसू फुटायचं ते मधल्या सुट्टीपर्यंत पुरायचं.

पाचवीत मी फळ्यावर भाकरी काढली,
चार समान भाग केले.
ती म्हणाली, "कडक भाकरीचे असे होत नाहीत बाई.
आणि चुरा कुणाच्या वाट्याला?"
स्टाफरूममध्ये हे मी गंमत म्हणून सांगितलं.

सातवीत तिनं उभं राहून विचारलं,
वजा गुणिले वजा, अधिक का?
चाळिशीला टेकलेला मार्च,
तीन प्रकरणं शिल्लक.
नियम आहे, लिहून घे, म्हणाले.
तिनं लिहून घेतलं.
त्या दिवसापासून ती सगळंच लिहून घेऊ लागली.

नववीत क्ष ची किंमत अचूक काढायची,
क्ष कोण, ते विचारायची नाही,
रोजच्या वाटेवरच्या बंद दुकानाची पाटी
कुणी वाचत नाही तसं.
दहावीत: "ही सिद्धता किती मार्कांना, मॅडम?"
बाईची मॅडम कधी झाले, आठवत नाही.
एकसष्ट पडले. पेढा घेऊन आली.
सुटले, म्हणाली.
सुटलीस, मी म्हणाले.

परवा अक्कलकोट रोडला टॉवेल घ्यायला गेले.
गोदामात एका कामगाराच्या नावावर
दोनशेच्या तीन उचली चुकून चढलेल्या.
मुनीमानं तिन्ही खोडल्या,
"घ्या मामा, सहाशे वाढले."
वजा दोनशे. तेही तीनदा वजा.
घडी उलगडलेला टॉवेल हातात धरून
मी तिथंच उभी,
चौदा वर्षं उशिरा.

तिला भिवंडीला दिली म्हणतात.
नंबर कुणाकडं नाही.
बाईंनी हातचं राखून शिकवलं,
असं तिला वाटत असेल का?
नाही गं.
हातात काही नव्हतंच.

आज सातवीवर तेच प्रकरण.
"लिहून घ्या" ओठांवर आलं होतं.
खडू ठेवला, म्हटलं, समजा,
तुमच्या नावावर कुणी उचल लिहिली…
मागच्या बाकावरची एक मान वर झाली
आणि नेमकी लाइट गेली.
माग थांबले.
आता चुकले तर सगळ्यांना ऐकू जाणार.