पाठमोरी सीट

लियों शहरात सायकली
पाण्यासारख्या खाली खाली जातात.
क्रुआ-रूसच्या टेकडीवर सकाळी
कार्ड टेकवलं, हिरवा दिवा, खटका,
की निघालेच सगळे
टाय उडवत, स्कार्फ उडवत,
पाय पेडलवर नुसते ठेवायला.
संध्याकाळी तीच माणसं मेट्रोनं वर येतात.
उताराला सगळेच धनी,
चढाला मी.

म्हणजे मी, एमेरिक आणि कंपनीची व्हॅन,
मागे वीस सायकलींचा ट्रेलर.
रात्री अकरा ते पाच आम्ही
शहराचा उतार पुन्हा वर नेऊन ठेवतो.
बास्केटांत काय काय निघतं:
कांद्याच्या पातीचे शेंडे, तान्ह्या मुलाचा एक मोजा,
कुणाची तरी भिजलेली प्रमेयं,
एकदा केकचा डबा, आत
नावाची शेवटची दोन अक्षरं.

इथे एक रीत आहे, कुणी न शिकवलेली.
सायकल बिघडलेली निघाली तर जाताना
तिची सीट उलटी फिरवून ठेवायची.
चेन तुटली, हवा गेली, ब्रेक लागत नाही,
काही लिहायचं नाही, कुणाला फोन नाही.
पाठमोरी सीट पुढच्याला सांगते:
बाबा, हिच्या नादी लागू नकोस.
जो कधी भेटणारही नाही
त्याच्या गुडघ्यांची एवढी काळजी
मी घरातल्या माणसांतसुद्धा कमी पाहिली.

मार्चमध्ये चार हजार त्र्याहत्तर.
वरच्या चौकात, बेकरीसमोर, सीट उलटी.
उचलली, वर्कशॉपला दिली.
चिठ्ठी आली: दोष आढळला नाही.
आठवड्यानं दुसरी, त्याच खुंटीला.
दोष आढळला नाही.
तिसरीवर मी स्वतः बसले.
सीट इतकी खाली की गुडघे हनुवटीला,
पण चौकाला दोन फेऱ्या मारल्या, लोण्यासारखी चालली.
पोरं मस्करी करतात, एमेरिक म्हणाला.
तीही चढवली ट्रेलरवर.

साडेचार झाले होते. आम्ही ब्रेडसाठी थांबलेलो.
बारमधली गर्दी तीनलाच
बाकीच्या सायकली घेऊन खाली ओघळलेली.
बत्तीस खुंट्या, बत्तीसही मोकळ्या.
एक बाई आली. साठीची, निळा कामाचा डगला,
खिशावर नाव शिवलेलं: इवोनिल्दा.
त्या खुंटीसमोर उभी राहिली,
रिकाम्या डब्यात आपण दुसऱ्यांदा बघतो तशी.
मग पायऱ्यांकडे वळली.
एक हात कठड्याला, एक गुडघ्याला,
पायरी, थांबा,
पायरी.
पहिली मेट्रो पाचला. तिचं काम बहुधा त्याआधीचं.
आणि माझ्या मागे, पट्ट्यांनी आवळलेली,
तिची सायकल. धडधाकट.

खोटं ते खोटंच.
सगळ्यांच्या वस्तूवर आपला रुमाल टाकणं.
असे आणखी चार निघाले तर उलट्या सीटवर
कोण विश्वास ठेवील?
निघालेही. मे महिन्यात नदीकाठी
पाच पाठमोऱ्या सापडल्या:
दोन खरोखर मोडक्या,
तीन नुसत्या राखलेल्या.
एमेरिकला मी हे मोजून सांगितलं.
तो म्हणाला, मग?

मग काही नाही.
रात्री दीडला बेकरीसमोर ट्रेलर सोडते.
त्यातली एक निवडते. दोन्ही ब्रेक दाबून बघते,
हवा, चेन, पुढचा दिवा.
सीट उतरवते, पार खालच्या खुणेपर्यंत,
आणि फिरवते.
रात्रीच्या वहीत नोंद करते:
वर चढवल्या, वीस.
चालू, एकोणीस.