प्लास्टरचा साचा

रोलिंग मिलमध्ये माझं काम एवढंच,
वाकडी निघालेली सळई सरळ करायची.
चिमटा, घण, डोळा.
बावीस वर्षांत लोखंडाचं एक कळलं:
लाल आहे तोवर ऐकतं,
निवल्यावर मारलं तर तुटतं.

म्हणून गांधी चमनजवळच्या दवाखान्यात
तोष्णीवाल डॉक्टरीणबाईंनी
श्रावस्तीचा एक्स-रे उजेडाला धरला
आणि म्हणाल्या, दात सरकवायचेत,
तेव्हा मी विचारलं, थंडेच?

त्या हसल्या. टेबलावर तीन जबडे मांडले,
दुकानात साड्या टाकतात तसे.
ह्या स्टीलच्या तारा. स्वस्त, दणकट, चारचौघांत दिसणाऱ्या.
ह्या दाताच्याच रंगाच्या, पण जपावं लागतं,
वरणातल्या हळदीनं रबर पिवळं पडतं.
आणि हे काचेगत साचे, काढता-घालता येणारे,
पंधरवड्याला नवा. त्याची किंमत
त्यांनी कागदावर लिहून माझ्याकडं सरकवली.

जोर किती लावता?
थोडाच. पण सारखा. दीड वर्ष.
दात जिकडं सरकतो तिकडचं हाड विरघळतं,
मागं नवं भरून येतं.
मी गप्प बसलो.
स्वतःच बाजूला होऊन वाट देणारं लोखंड
जालन्यात अजून कुणी ओतलं नाही.

मग आरसा, बारीक आकडी.
हे बघा, एकावर एक चढलेत,
मधे ब्रश पोचत नाही, कीड तिथंच घर करते.
हिरडी बघा, सुजलेली.
ऊस सोलता येत नसेल हिला दातानं.
नव्हता येत.
आम्ही म्हणायचो, लई नखरे पोरीचे.
शाळेच्या एकूणएक फोटोत तिचे ओठ मिटलेले,
ते मात्र मला घरी आल्यावर दिसलं.

स्टीलच्या, श्रावस्ती म्हणाली. दिसल्या तर दिसल्या.
कागदावरचा आकडा तिनं वाचला होता का,
अजून विचारलेलं नाही.

डॉक्टरीणबाईंना एक गोष्ट सांगितली नाही मी.
तो वरचा डावा सुळा पंचशीलाचा आहे.
बदनापूरला बघायला गेलो होतो,
बशीतला चहा माझ्या पांढऱ्या पँटवर सांडला
आणि ती हसली.
हात तोंडावर जायच्या आत
तो दात बाहेर डोकावला,
प्रार्थनेच्या रांगेतून मान काढणाऱ्या पोरासारखा.
बाकीचं मी काही पाहिलंच नाही.

दर महिन्याला तार आवळायची.
दोन रात्री भाकर दुधात कुस्करून,
तिसऱ्या दिवशी पुन्हा तोंड सुरू.
हुरडा चालेल, ऊस नको, चॉकलेट तर नकोच.
आणि सुळा आपला गुमान
इंचाइंचानं नाही, केसाकेसानं
रांगेत चालला.

तारा काढल्या त्या दिवशी
पंचशीलानं पोरीची हनुवटी धरली,
उजेडात इकडून बघितली, तिकडून बघितली,
बाजारात वांगं बघावं तशी.
मला वाटलं, आता हिच्या डोळ्यांत पाणी येणार.
ती म्हणाली,
बाई, माझ्या वयाला होतं का हे?

वय नाही बघत, हिरड्या बघते, बाई म्हणाल्या. बसा खुर्चीत.

मी बाहेर आलो.
कंपाउंडर फळी रिकामी करत होता,
जुने प्लास्टरचे साचे, नावं पेन्सिलनं.
आमचा मागून घेतला.
काहून पाहिजे, त्यानं विचारलं.
असंच, म्हणालो.

आता तो मिलच्या कपाटात आहे, हातमोज्यांच्या मागं.
श्रावस्ती झोपताना प्लेट लावते,
न लावली तर दात मागं फिरतात म्हणे,
जुनी जागा विसरत नाहीत.
पंचशीलाच्या तारा शुक्रवारी, माझ्या सुट्टीला.
पैसे मोजून डब्यात ठेवलेत.

आज बुधवार.
सकाळी चहा बशीत ओतताना
मी मुद्दाम सांडला.