निवृत्त दोर

केणी, तो दोर मी अजून टाकलेला नाही.
ऐरोलीच्या या तिसऱ्या मजल्यावर
बाल्कनीच्या दोन हुकांना बांधलाय.
नातीची दुपटी वाळतात त्यावर.
अकरा मिलिमीटर, एकेकाळी निळा.
मधे एके ठिकाणी चपटा लागतो हाताला,
तिथे मी चिमटा लावत नाही.

नियम तूच शिकवलेला:
मोठा झटका खाल्लेला दोर
वरून कितीही धड दिसो,
पुन्हा त्यावर जीव टांगायचा नाही.
आतले धागे काय सोसून बसलेत
ते बाहेरच्या विणीवरून कळत नाही.
माणसांना हा नियम लागतो का,
विचारायचं राहिलं.

मुंब्र्याचा कातळ. डिसेंबर.
खाली पारसिकच्या बोगद्यातून गाडी निघाली
की दगडाच्या पाठीतून थरथर जायची.
पलीकडे ओहोटीची खाडी, गाळात कलंडलेल्या होड्या.
आपण रात्रपाळी करून आलेलो,
अंगाला अजून कंपनीतल्या ॲसिडचा वास,
पिशवीत तुझ्या आईच्या तांदळाच्या भाकऱ्या
आणि सुकटीची चटणी, जी वर गेल्यावर खायची होती.
हार्नेस एकच. तो मला घातलास.
स्वतः दोर कमरेभोवती फिरवून
धोंड्याला पाय रोवून बसलास
आणि म्हणालास, "जा. मी आहे."

चाळीस फुटांवर कपार
सुट्या दातासारखी हातात आली.

लोक विचारतात, काय आठवतं.
आठवते ती मधली मोकळी जागा,
जिच्यात मी अगदी सावकाश विचार केला
की खाली सायकलला कुलूप लावलं का.
मग कमरेत हिसका.
मी उलटा, डोकं खाली.
शेवटची मेख टिकली होती,
आणि खाली तू:
मुठींतून दोर सरकतोय,
तू ओरडत नाहीयेस,
मुठी उघडत नाहीयेस.
धूर निघत होता, असं मी पुढे सांगत आलो.
धूर नव्हता, केणी. वास होता.

त्याच हातांनी मला
फूट फूट खाली सोडलंस.
देवीच्या पायऱ्यांपर्यंत पाठुंगळी आणलंस.
माझी नडगी मोडलेली, तुझे तळवे सोललेले,
कोण कोणाला घेऊन चाललंय
हे हारवाल्या बाईला कळेना.
तिने न विचारता शहाळं फोडलं
आणि तुझ्या तळव्यांवर ओतलं.
तेव्हा ओरडलास. पहिल्यांदा.

मी सहा महिन्यांत कामावर रुजू झालो.
तुझी बोटं मात्र मिटेनात, उघडेनात,
लेथवर दुसरा माणूस आला.
पुढे मी सुपरवायझर झालो.
घणसोलीला यायला मला तीन वर्षं लागली
आणि तीही तुझ्या बहिणीच्या हळदीचं निमित्त करून.
मांडवाबाहेर तू तळवा माझ्या नाकासमोर धरलास:
"बघ, रेषाच गेल्या.
ज्योतिषाचे पैसे वाचले."
मी हसलो नाही.
तू माझ्या वाटचंही हसून घेतलंस.

मी कधी तुझे आभार मानले नाहीत.
ते मानले असते तर हिशेब मिटला असता,
असं आता वयामुळे वाटतं.
तेव्हा निव्वळ लाज होती.

गेल्या रविवारी आलास तू,
बाळाला बघायला, झबलं आणि डिंकाचे लाडू घेऊन.
मला वाटलं दोर दिसला तर
काहीतरी बोलशील, किंवा बोलणार नाहीस.
तू बाल्कनीत गेलास.
वाकड्या बोटांनी एक हुक चाचपलास,
"ही कसली गाठ मारलीस?
नात भिजल्या दुपट्यासकट खाली जायची."
आणि सोडवत बसलास.
पाऊण तास. मला हात लावू दिला नाहीस.
चहा दोनदा गरम केला.

मग दोर ओढून पाहिलास,
माझ्याकडे न बघता म्हणालास,
"लाव आता."
मी एक दुपटं टाकलं.
"मधेही लाव की," म्हणालास, "तिथं काय झालंय?"