मराठीत सतरा

डबा बिस्किटांचा. रावपुऱ्यातल्या जुन्या दवाखान्याच्या
माळ्यावरून निघालेला. झाकणावर कुठल्याशा राणीचा अर्धा चेहरा,
उरलेला गंजाने नेलेला.
आत नऊ फॉर्म, पोलिसांची हजेरीवही
आणि कसर.

कसरीला भाषा कळत नाही.
जर्मन खाल्लं तिने, भाड्याची मोडीतली पावतीही खाल्ली,
त्याच चवीने.

मी गव्हाची खळ शिजवते, ताकाइतकी पातळ,
फाटल्या कडेवर जपानी कागदाचे तंतू बसवते.
काय चिकटवतोय ते हातांना कळू द्यायचं नसतं.
पण डोळे वाचतातच:
रेड क्रॉस. फक्त घरगुती मजकूर. पंचवीस शब्द, जास्त नाहीत.

आम्ही बरे. हेडविग मावशी प्रवासाला गेली. पियानो विकला.
तुला तिथे कोट लागत नसेल. दिवे लवकर घालवतो. आई.

मराठीत सतरा. मूळ जर्मनात एकवीस.
चार शब्द तिने वाचवले,
कशासाठी, कोण जाणे.

हजेरीवहीत दर सोमवारी सही:
डॉ. एरिश झोमर, दंतवैद्य, शत्रूराष्ट्राचा नागरिक, जर्मन.
तिकडे त्याला जर्मन म्हणायला
कुणी तयार नव्हतं.

दांडिया बाजारात वेणूताई टिपणीस, कंपाउंडरची लेक, वय एक्याण्णव.
रेकॉर्डर पाहून पदर सारखा केला.
"झोमर कोण म्हणणार, बाई! झुंबरसाहेब म्हणायचो.
दात कोरायचं मशीन पायाचं. चारला टपालवाला यायचा,
चारला साहेबांचा पाय थांबायचा,
पेशंट बिचारा आ वासून.
पुढे टपाल यायचं बंद झालं.
पाय थांबायचाच."

इथे त्या अकरा सेकंद गप्प आहेत.
पंखा ऐकू येतो, खाली कुणी भाजीवाल्याशी गुजरातीत भांडतंय.
लेखी प्रतीत हे कसं उतरवू?
मग त्या म्हणतात, बंद कर ते. चहा घे.

परदेशातल्या संस्थेकडून तक्ता आलाय.
नाव. जन्म. मृत्यूची तारीख. ठिकाण. पुरावा.
हेडविगच्या ओळीत मी तारीख कोरी ठेवते,
ठिकाण कोरं,
पुराव्यात लिहिते: प्रवासाला गेली.

शेवटचा फॉर्म त्याचाच, इथून गेलेला, परत आलेला.
वर शिक्का: पत्ता न कळवता निघून गेले.
भाडं थकवून भाडेकरू जावेत तसं.

त्याच्या कोपऱ्यावर पिवळा अंगठा.
हळद.
टिपणीसांच्या घरून डबा जायचा त्याला, दुपारचा;
जेवता जेवता उघडलं असणार,
हात न धुता.

नियमावली म्हणते, परकीय डाग काढावेत.
सोपं आहे. हळद उन्हाने उडते,
खिडकीशी चार दिवस ठेवला की झालं.

मी पेटीवर लिहिलं: उजेडात ठेवू नये.
साहेबांनी कारण विचारलं तर
शाईचं नाव सांगेन.